कागद त्यांचा, हात माझा

ज्यांनी मला सोलापुरात टिकवलं त्यांच्याविषयी आधी सांगतो, काय झालं ते मागाहून. ते माझे नातलग नव्हते, मालक नव्हते, गाववाले तर नव्हतेच. ज्या एका जागेसाठी मी जीव मुठीत धरून बसलो होतो, त्याच जागेसाठी आलेले ते दुसरे उमेदवार होते. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातले, त्यांच्या घराण्यातले पहिले मॅट्रिक, आणि जवळ बॉयलर अटेंडंटचं दुसऱ्या वर्गाचं सर्टिफिकेट. तोंडावर मी त्यांना भाऊ म्हणायचो. मनात मात्र पहिले काही दिवस त्यांचं नाव नुसतं ‘कागद’ होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहायचंच ठरवलंय तर तेही लिहायला हवं.

मी वणीकडचा. शाळा सहावीत सुटली. सुटली म्हणजे काही मोठं घडलं नाही. आमच्या गावात चौथीपर्यंतच वर्ग होते, पाचवी-सहावीला दुसऱ्या गावी चालत जायचो, आणि एका दिवाळीनंतर गेलोच नाही. पुढे रुईच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसवर बॉयलरला कोळसा घालायला लागलो आणि त्या बॉयलरपुढे आठ वर्षं काढली. मग प्रेस विजेवर गेला आणि बॉयलर विकायला निघाला. तो घेतला सोलापूरच्या एका सूत रंगवणाऱ्या कारखान्याच्या मालकांनी. ट्रकवर चढवताना त्यांचा माणूस म्हणाला, “हे धूड बसवून द्यायला माहितगार कोणी बरोबर द्या.” प्रेसच्या मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं. असा मी बॉयलरबरोबर सोलापुरात आलो. पंधरा दिवसांसाठी आलो होतो, ही गोष्ट घडली तोवर त्याचे चौदा महिने झाले होते.

कारखाना अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत. शेजारी टॉवेलचे माग दिवसभर धडधडत, आणि आमच्याकडे त्यांच्याच सुताच्या लडी रंगाच्या टाक्यांत उकळत. टाक्यांना वाफ आमच्या बॉयलरची. मालकांचं घर कानडी-मराठी बोलणारं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “जेवलास का रे?” हो म्हणायचं ते मी आमच्याकडच्यासारखं म्हणालो, “हाव.” त्यांनी दचकून पाय वर घेतले आणि खुर्चीखाली पाहिलं. ऑफिसातले हेडक्लार्क हसून हसून बेजार. कानडीत हावु म्हणजे साप. तेव्हापासून रंगमास्तर मला बघितलं की म्हणायचे, “आला का साप वाफ घेऊन?” बाकी सगळ्यांसाठी मी ‘पाव्हणं’. चौदा महिन्यांनंतरही पाव्हणंच.

बॉयलर चालवायला कायद्याने सर्टिफिकेटवाला माणूस लागतो. आधी तसे एक म्हातारे गृहस्थ होते, गिरणीतून निवृत्त झालेले. ते तेलुगू बोलायचे, मी वऱ्हाडी, त्यामुळे आमचं बोलणं बेताचं. पाणी आत घ्यायचं असलं की ते एक बोट वर करून म्हणायचे, “पंप.” पुरे झालं की दोन बोटं. एवढ्यावर आमचं सुखात चाललं होतं. मग त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि मुलांनी त्यांना घरी बसवलं. त्यांचं सर्टिफिकेट मात्र काचेच्या चौकटीत बॉयलरच्या शेडमध्ये लटकतच राहिलं.

तेव्हा मला वाटलं, आता आपली वेळ आली. वाटलं एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. मी गावी पत्र टाकून मोकळा झालो की, मी बॉयलरवर कायम झालो. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं आणि मुलाकडच्यांनी विचारलं होतं, भाऊ काय करतो? आईने ते पत्र त्यांना वाचून दाखवलं. मुलाकडचे खूश. म्हणजे आता मला कायम होणं भाग होतं.

मालकांनी मला रीतसर बोलावलं. हेडक्लार्कनी फॉर्म पुढे ओढला.

“शिक्षण?”

“सहावी.”

“पास का नापास?”

“अर्धी.”

“अर्धी लिहायला हितं जागा न्हाई,” हेडक्लार्क म्हणाले आणि मालकांकडे बघू लागले.

मी घाईने म्हणालो, “पण मालक, याच बॉयलरवर नऊ वर्षं होतात आता. आवाजावरून सांगतो मी, पाणी किती हाय अन् वाफ किती हाय.”

“ते मला म्हाईत हाय रे. इन्स्पेक्टरला आवाज दाखवू का मी? त्याला कागद लागतो.”

“परीक्षा देतो की.”

“इंग्रजी येतंय?”

परीक्षा इंग्रजीतच असणार याबद्दल मला तेव्हा शंकाच नव्हती.

माझ्यानंतर भाऊ आत गेले. तिशीचे असतील. पांढरा सदरा, दाढी गुळगुळीत, आणि ते सर्टिफिकेट दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दाराशी उभा राहून मी सगळं ऐकत होतो. मालकांनी विचारलं, प्रत्यक्ष काम किती? ते म्हणाले, “तीन हंगाम. मोहोळकडं तेलाच्या गिरणीत.” मी मनात नवातून तीन वजा केले आणि मला बरं वाटलं.

मालकांनी दोघांना समोर उभं केलं.

“सोमवारी इन्स्पेक्टर येणार. तवर दोगं मिळून चालवा. कागद ह्यांचा, हात तुझा. पण एवढ्याशा बॉयलरला दोन माणसं मी ठेवणार न्हाई. सोमवारच्या आत ठरवतो.”

भाऊ म्हणाले, “ठरवायचं काय त्यात? सर्टिफिकेटबिगर चालवता येत न्हाई की.”

“म्हाताऱ्यांचं हाय की लावलेलं,” मालक म्हणाले. “अजून वर्षभर लटकंल. म्हातारं काय मेलं न्हाई अजून.”

म्हणजे मालक खरंच दोन्ही बाजूंनी तोलत होते. भिंतीवरचा कागद आणि खाली मी, हेही त्यांना चालण्यासारखं होतं. मला कुठूनतरी उभारी आली. भाऊंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनाही ती जागा हवीच होती. बायको आणि दोन लेकरं सासऱ्याच्या घरी ठेवून ते आले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

ते पाच दिवस मी कधी विसरणार नाही. भाऊंनी येताच एक वही आखली. दर तासाला काट्यावरचा दाब, पाण्याची उंची, कोळसा किती टाकला, सगळं वळणदार अक्षरात. बॉयलरला एक काचेची नळी असते, तिच्यात आतलं पाणी किती ते दिसतं. ती ते दर दोन तासांनी वाफेने धुवायचे. मी आणि म्हातारे ते दिवसातून एकदा करायचो, आठवलं तर.

मी टोमणा मारला, “भाऊ, एवढी काच धुता, नवरी पाहाता काय तिच्यात?”

ते हसले. “नवरी न्हाई ओ पाव्हणं, पाणी बघायचं असतंय. पाणी लई लबाड. काच पुरी भरली तरी तशीच दिसती, पुरी रिकामी झाली तरी तशीच. मधी रेघ दिसली तरच खरं.”

“मले आवाजावरून समजते.”

“मला बी शिकवा की मग.”

हे त्यांनी खरंच विचारलं होतं, टिंगल नव्हती. मी म्हणालो, “ते शिकवून येत नाही.” प्रेसवरच्या आठ वर्षांत मला ते मिस्त्रींनी शिकवूनच आलं होतं. कान कुठे लावायचा, फावड्याचा दांडा पत्र्याला टेकवून कसं ऐकायचं, सगळं. पण ती एकच गोष्ट माझ्याकडे होती. ती दिली तर माझ्याकडे काय उरणार होतं?

दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. त्यांच्याकडे भाकरी आणि शेंगाची चटणी, माझ्याकडेही तेच, कारण दोघांचेही डबे एकाच खानावळीतून यायचे. ते गावचं सांगायचे. त्यांच्याकडे पाण्याचा फार दुष्काळ. कुणाच्या विहिरीचं पाणी कधी कुणाच्या सरीत येणार यावर सगळ्या गावाचं बोलणं. “सकाळी माणूस माणसाला भेटला की राम राम नंतर, आधी इचारणार, पाणी सोडलं का?” मी नुसतं हूं म्हणालो. ते वाक्य मी ऐकलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

शनिवार उजाडला. मालकांनी अजून काही सांगितलं नव्हतं. सकाळीच हेडक्लार्क शेडमध्ये डोकावून भाऊंना म्हणाले होते, “तुमचं मूळ सर्टिफिकेट जेवणानंतर ऑफिसात आणून द्या.” मला कोणी काही आणायला सांगितलं नव्हतं. मी समजायचं ते समजलो. बहिणीच्या होणाऱ्या सासरचे लोक, आईने वाचून दाखवलेलं पत्र, परतीच्या गाडीचा रस्ता, सगळं डोक्यात एकदम घोंगावू लागलं. कोळसा टाकत होतो पण हात माझे राहिले नव्हते.

त्या दिवशी टाक्यांत गडद लालचं मोठं काम होतं. लाल पक्का बसायला पाणी सतत उकळतं लागतं. रंगमास्तर दोनदा ओरडून गेले, “वाफ कमी पडतीया रे सापा.” आम्ही आग वाढवली. काटा वर चढला. तेवढी वाफ जायची म्हणजे पाणीही भराभर उतरतं. मी कोळशाच्या ढिगाकडे होतो. भाऊंनी काच पाहिली आणि तेवढ्यात रंगमास्तरांनी त्यांना पलीकडे हाक मारली. जाता जाता ते मला म्हणाले, “पाव्हणं, पाणी सोडा.”

आमच्या प्रेसवर पाणी सोडणं म्हणजे एकच. बॉयलरच्या तळाशी साचलेला गाळ काढायला खालचा कॉक उघडून पाणी बाहेर सोडायचं. आत घ्यायचं ते पाणी ‘भरायचं’. नऊ वर्षं माझ्या कानाला तोच अर्थ ठाऊक होता. भाऊंच्या तोंडी पाणी सोडणं म्हणजे सरीत पाणी येणं, आत येणं. बाहेर काढायचं असेल तर ते सर्टिफिकेटातला शब्द वापरायचे, ब्लोडाउन.

लोक पुढे म्हणाले, शब्दाची गफलत झाली. झालीच. पण खरं सगळं लिहायचं तर मला शंका आली होती. कॉकच्या मुठीवर हात ठेवला तेव्हा मनात आलं, एवढी आग पेटलेली असताना हे आता पाणी बाहेर काढायला काऊन सांगतात? मी दोन पावलं बाजूला होऊन काच पाहू शकलो असतो. हाक मारून विचारू शकलो असतो. दोन्ही केलं नाही. मनात आलं ते असं: हुकूम सर्टिफिकेटवाल्याचा आहे, होऊ दे काय होतं ते. आणि मी कॉक उघडला.

बाहेरच्या खड्ड्यात पाणी आणि वाफ गर्जत सुटली. भाऊ पळत आले. मला ढकलून त्यांनी कॉक बंद केला आणि काचेकडे पाहिलं. मीही पाहिलं. काच स्वच्छ होती. रेघ कुठेच नव्हती.

“भरलेली हाय का रिकामी?” मी विचारलं. आयुष्यात इतका मूर्ख प्रश्न मी कुणाला विचारला नाही.

मी कान लावला. उकळण्याचा तो जाड, भरल्या भांड्याचा आवाज नव्हता. वरच्या अंगाला पातळ, कोरडी किरकिर होती, मी कधी न ऐकलेली. आणि नऊ वर्षांच्या सवयीने मी जे केलं ते असं, की पाणी कमी म्हणजे पाणी भरा. मी पंपाकडे धावलो.

भाऊंनी माझं मनगट असं धरलं की नंतर दोन दिवस ते दुखत होतं.

“हात लावायचा न्हाई पंपाला.”

“पाणी नाही भाऊ आत.”

“म्हनूनच. पत्रा तापून लाल झाला असंल तर गार पाणी पडल्यावर आपण दोगं बी ऱ्हात न्हाई, आन ती शेड बी ऱ्हात न्हाई. आग मारा. ओली राख आना.”

हे मला माहीत नव्हतं. नऊ वर्षांत काचेतून पाणी कधी गेलंच नव्हतं, मग त्यानंतर काय करायचं ते मला कोण सांगणार? त्यांनीही ते कधी केलेलं नव्हतं, पुढे त्यांनीच सांगितलं. पण त्यांनी ते पाठ केलं होतं. मोहोळच्या एका खोलीत बसून, कंदिलाशी, पुस्तकातलं ते पान शब्दन् शब्द. त्या दुपारी त्यांचे ओठ हलत होते, आणि मला आधी वाटलं की ते देवाचं नाव घेताहेत. ते पायऱ्या म्हणत होते. धुराड्याची झडप बंद. आगीवर ओली राख. मग जळते निखारे ओढून बाहेर. वाफ एकदम सोडायची नाही. पंप नाही.

त्यांनी रंगमास्तरांना हाक मारून सगळ्यांना शेडबाहेर काढायला सांगितलं. लडी मोकळ्या करणाऱ्या बाया बाहेर निघाल्या. शेजारचे मागही थांबले. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा तो रस्ता शांत ऐकला. आम्ही दोघं आत. मी लोखंडी आकड्याने निखारे ओढत होतो, ते राख टाकत होते. चेहऱ्याची कातडी ताणल्यासारखी होत होती. निखाऱ्यांवर पाणी ओतायला मी बादली उचलली तर त्यांनी ती पायाने लोटून दिली. “राख. नुसती राख.”

आग मेली. मग बसून राहायचं एवढंच काम उरलं. मी त्यांना म्हणालो, तुम्ही बाहेर जा, तुमाले लेकरं हायेत. ते म्हणाले, “तुमी जावा. सर्टिफिकेट माज्या नावावर हाय.” दोघंही गेलो नाही. काटा हळूहळू उतरत होता. एकेका आकड्याला इतका वेळ लागत होता की मी काट्याकडे पाहायचं सोडून दिलं. मधेच आत पत्र्याचा टणत्कार व्हायचा आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो.

काटा पार खाली आल्यावर, बॉयलर हात लावण्याइतका निवल्यावर भाऊंनी भट्टीच्या तोंडातून आत वाकून पाहिलं. भट्टीच्या छताला शिशाचं एक बूच असतं. पत्रा फार तापला तर ते आधी वितळतं. ते शाबूत होतं. भाऊ मागे सरकून जमिनीवर बसले आणि खिशातून तंबाखूची पुडी काढू लागले. सगळी तंबाखू सांडली.

वाफ बंद पडल्यामुळे टाकीतल्या सगळ्या लालाचे पट्टे पट्टे झाले होते. मालक आले ते आधी टाकी बघूनच.

“कुणी केलं?”

मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होतो ते मला आजही ठरवता येत नाही. कदाचित खरं बोललो असतो. भाऊ आधी बोलले.

“मी ‘पाणी सोडा’ म्हनलो, मालक. ह्यांच्या मुलखात सोडणं म्हंजे काढणं. आमच्याकडं सोडणं म्हंजे घेणं. ह्यांनी ऐकलं ते केलं.”

“एवढी अक्कल न्हाई ह्याला? नऊ वर्षं सांगतोय.”

“हुकूम माजा होता.”

“मग तुमच्या कागदाचा उपेग काय?” मालकांनी विचारलं.

भाऊंनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. मग म्हणाले, “कागद हाय म्हंजे चूक झाली तर कुणाला इचारायचं ते ठरलेलं असतंय. म्हाताऱ्यांच्या कागदाला इचारलं असतं तर त्यो भिताडावर नुसता लटकला असता की.”

मालकांनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “ठीक हाय. हे ऱ्हातील. तू सोमवारच्या गाडीनं गावी जा.”

मी मान हलवली. नाही म्हणायला तोंड होतं कुठे? पण भाऊ उठून उभे राहिले.

“पाव्हणं गेलं तर मी बी चालवत न्हाई.”

“का?”

“आत पाणी न्हाई हे ह्यांनी कानानं सांगितलं. मी काचेकडंच बघत हुतो, काच सांगत नव्हती. ह्या बॉयलरचा आवाज मला येत न्हाई. शिकाय दोन हंगाम तरी लागतील. तवर ह्यांना ठेवा.”

ते अर्धं खरं होतं. मी ऐकलं होतं, पण ऐकून पंपाकडे धावलो होतो. ते त्यांनी सांगितलं नाही. मालकांनी होकार भरला नसता तर भाऊ खरंच गेले असते, बायको-लेकरं सासऱ्याकडेच राहिली असती. हे मला त्या क्षणी दिसत होतं आणि मी गप्प उभा होतो.

मालक म्हणाले, “ठेवतो. पण बॉयलरच्या रजिस्टरात हे लिवणार मी. अटेंडंटच्या चुकीच्या सूचनेमुळं पाणी गेलं, माल खराब झाला. सही तुमची. चालंल?”

“लिवा,” भाऊ म्हणाले.

हेडक्लार्कनी लिहिलं. भाऊंनी वळणदार सही केली. माझी जागा त्या एका ओळीवर राहिली.

सोमवारी इन्स्पेक्टर साहेब आले. भाऊंनी त्यांना झालेलं आपणहून सांगितलं. साहेबांनी हातोडीने पत्रा ठोकून पाहिला, बूच पाहिलं, बॉयलर पास केला. जाताना मला विचारलं, इतकी वर्षं काम करतोस तर परीक्षा का देत नाहीस? मी म्हणालो, इंग्रजी येत नाही साहेब. ते म्हणाले, “अरे, तोंडी असते. मराठीत विचारतात.” मी भाऊंकडे वळलो. ते म्हणाले, “मी सांगणारच हुतो. तुमी बोलत हुता कुटं माज्याशी?”

मग दोन वर्षं ते मला ते पुस्तक वाचून दाखवत गेले, आणि मी त्यांचा कान पत्र्याला लावून शिकवत गेलो. माझ्या फॉर्मवर अनुभवाचा दाखला त्यांच्या सहीचा. शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी न विचारता लिहिलं, ‘सहावी (अर्धी)’. मी म्हणालो, अर्धी कायले लिहिता? ते म्हणाले, “खरं हाय ते लिवायचं.” ते वाक्य मला कुठे लागलं ते त्यांना कळलं नाही. किंवा कळलं असेल. मी पास झालो. बहिणीचं लग्न त्याआधीच पार पडलं होतं.

त्याच सुमाराला माढ्याकडच्या एका साखर कारखान्यात मोठ्या बॉयलरवर जागा निघाली. राहायला खोली, लेकरांना शाळा. भाऊंनी अर्ज केला. त्यांनी मालकांकडून मागच्या कामाचं पत्र मागवलं आणि मालकांनी प्रामाणिकपणे रजिस्टरातली ती ओळ जशीच्या तशी उतरवून दिली. तीन हंगाम आणि वर आमच्याकडची दोन वर्षं, सर्टिफिकेट, मॅट्रिक, सगळं त्या ओळीखाली गेलं, जागा मिळाली नाही. भाऊ म्हणाले, “पुढच्या गळिताला बघू.” आणि थोड्याच दिवसांत, आता माझ्याकडेच कागद आहे तर दोन माणसं कशाला, असं मालकांनी म्हणायच्या आधी ते स्वतःच मोहोळच्या जुन्या गिरणीत परत गेले. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. ते म्हणाले, “काच धूत जावा पाव्हणं.” त्या शनिवारचं खरं मी सांगणार होतो. गाडी लागली, आणि मी नुसता त्यांची पेटी वर चढवत राहिलो.

ते रजिस्टर अजून ऑफिसात आहे. दर वर्षी तपासणीला ते बाहेर निघतं आणि मी ते पान उलटून पुढच्या कोऱ्या पानावर सही करतो. खरं सांगितलं तर माझी जागा जाईल ही भीती अजून तशीच आहे. दोन लेकरं आता माझीही आहेत. पण भाऊ, हे तुमच्या वाचण्यात आलं तर ऐका: मला शंका आली होती, आणि मी कॉक उघडला. त्या ओळीखाली हे मी माझ्या हाताने लिहीन, माझी सही करीन, आणि त्याची नक्कल घेऊन स्वतः माढ्याच्या त्या साखर कारखान्यात जाईन. आज माझ्याने होत नाही. पण एक दिवस करीन.